पानभुंगेऱ्यांची कुळे आणि आपण

हमालांच्या संघटनेचे काम करणारा मनुष्य किड्यांच्या वर्गीकरणावर बोलणार, हे वाचून पुष्कळांना नवल वाटले असेल. वसंतातल्या व्याख्यानमालेत संतचरित्रे, इतिहास, फार तर पाणी आणि पिके हे विषय शोभतात. भुंगेरे काय कोणी बोलण्याचा विषय आहे? शिवाय मी प्राणिशास्त्राचा पदवीधर नव्हे. सातवीनंतर शाळा सुटली, पाठीवर पोते आले, आणि पुढे जे काही शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर, कृषी विद्यापीठाच्या प्रदर्शनांत आणि धान्याच्या थप्प्यांमध्ये शिकलो. तेव्हा माझे बोलणे एका जिज्ञासू मजुराचे आहे, एवढे धरून वाचकांनी ते वाचावे. परंतु हा विषय मी हौसेने निवडलेला नाही. तो एका भांडणातून माझ्या गळ्यात पडला. ते भांडण आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका बाजारगावी तुरीची पोती गोदामात लागली. आठव्या दिवशी पोते फोडले तर दाण्यांना गोल गोल भोके आणि पोत्यावर बारीक तपकिरी भुंगे फिरताना दिसले. गोदामाच्या दुसऱ्या कोपऱ्यात ज्वारीची जुनी किडकी पोती होती. माल ज्याचा होता तो म्हणाला, "हमालांनी नवी थप्पी जुन्या पोत्यांना चिकटून रचली, म्हणून कीड लागली. नुकसान त्यांच्या मजुरीतून कापा." आमच्या माणसांना उत्तर सुचेना. कीड ती कीड; इकडून तिकडे गेली असेल, असे त्यांनाही वाटले. मलाही वाटले.

मी मूठभर तूर आणि मूठभर ज्वारी पुड्यांत बांधली आणि कृषी महाविद्यालयातल्या एका अध्यापकांकडे गेलो. त्यांनी दोन्ही किडे भिंगाखाली ठेवले. ज्वारीतल्या किड्याला हत्तीसारखी सोंड होती. तुरीतल्याला सोंड नव्हती. अंग आखूड, मागे निमुळते न होता तुटल्यासारखे, आणि पाठीवरचे पंख शेपटापर्यंत न पोचणारे. ते म्हणाले, "ही दोन निराळी कुळे आहेत. पहिला सोंडकिडा. तो ज्वारी, गहू, तांदूळ यांत वाढतो. अख्ख्या तुरीत सहसा वाढत नाही. दुसरा कडधान्याचा भुंगा, कॅलोसोब्रुकस. याची मादी दाण्यावर अंडे चिकटवते, अळी थेट दाण्यात शिरते, आतच खाते, आतच कोष करते आणि भुंगा होऊन गोल भोक पाडून बाहेर येते. अंड्यापासून भुंगा होईपर्यंत उन्हाळ्याच्या उबेतसुद्धा तीनेक आठवडे लागतात."

तीन आठवडे! आणि आमच्या पोत्यांना गोदामात येऊन झाले होते आठ दिवस. म्हणजे ज्या दाण्यांना भोके पडली होती त्यांवर अंडी घातली गेली ती पोते आमच्या पाठीवर येण्याच्या आधी. हा भुंगा शेतात पक्व होणाऱ्या शेंगांवरही अंडी घालतो आणि धान्याबरोबर खळ्यावर, तेथून घरात, तेथून बाजारात येतो, हेही त्यांनी सांगितले. मी परत येऊन एवढाच हिशेब बैठकीत मांडला. दाण्यावर खसखशीहून बारीक पांढरे ठिपके, म्हणजे रिकामी अंडी, सर्वांना दाखविली. कपात मागे घेतली गेली. किड्याचे कूळ कळले म्हणून बारा माणसांची मजुरी वाचली. तेव्हापासून वर्गीकरण म्हणजे विद्वानांचा रिकामा उद्योग, असे मला कधी वाटले नाही.

आता गंमत पाहा. हा तुरीतला भुंगा ज्या कुळात आज गणला जातो ते कूळ म्हणजे पानभुंगेऱ्यांचे. शास्त्रीय नाव क्रायसोमेलिडी. नावातला पहिला शब्द ग्रीक भाषेत सोन्याचा आहे, कारण यांतल्या पुष्कळांच्या पाठी सोन्यासारख्या, तांब्यासारख्या किंवा मोरपिसासारख्या चमकतात. जगात नाव मिळालेले भुंगेरे सुमारे चार लाख जातींचे. त्यांत पानभुंगेरे पस्तीस हजारांच्या घरात. बहुतेकांचा धंदा एकच, झाडपाला खाणे. कोणी पान खातो, कोणी मूळ, कोणी फूल, आणि आपला कॅलोसोब्रुकस बी खातो.

एवढ्या गर्दीत कोण कोणाचा हे कसे ओळखायचे? कामगारांच्या क्षेत्रात आम्ही हजेरीपट घेऊन बसतो: खाते कोणते, काम कोणते, नंबर कोणता. शास्त्रज्ञांचा हजेरीपटही तसाच आहे. सर्व भुंगेऱ्यांचा मिळून एक गण. पाठीवर ढालीसारखे टणक पंख ही त्याची खूण. गणात कुळे, कुळात उपकुळे, उपकुळात प्रजाती आणि प्रजातीत जाती. येथे जात हा शब्द आला म्हणून कोणी दचकू नये. शास्त्रातली जात म्हणजे ज्यांचा आपसांत वंश चालतो अशा जीवांचा समूह. त्या अर्थाने पृथ्वीवरची सारी माणसे एकाच जातीची आहेत, आणि शास्त्राचे हे एक वाक्य आपल्या गावोगाव मोठ्याने सांगण्यासारखे आहे.

पानभुंगेरा ओळखण्याची एक जुनी खूण पायाच्या पंजात आहे. भुंगेऱ्याच्या पंजाला बोटासारखी पेरे असतात. पानभुंगेऱ्याचा पंजा भिंगाखाली धरला तर चार पेरे मोजता येतात. वास्तविक ती पाच असतात. चौथे पेर इतके चिमुकले असते की तिसऱ्याच्या दोन पाळ्यांच्या बेचक्यात ते लपून बसते. ही लपवाछपवी तीन मोठ्या घराण्यांत आहे: पानभुंगेरे, लांब मिशांचे भुंगेरे आणि सोंडकिडे. सोंड असली तर सोंडकिडा. मिशा अंगाइतक्या किंवा अंगाहून लांब असल्या तर बहुधा लांबमिश्या. मिशा आखूड आणि अंग गोलसर असले तर पानभुंगेरा असण्याचा संभव अधिक. आपल्या भागात सोयाबीनच्या देठाला दोन चक्रे पाडून त्यामध्ये अंडी घालणारा चक्रीभुंगा सर्व शेतकऱ्यांना माहीत आहे. तो पानभुंगेरा नव्हे, तो लांबमिश्यांच्या कुळातला. म्हणजे पानभुंगेऱ्याचा चुलतभाऊ.

आणि ढालकिडा? तांबड्या-पिवळ्या पाठीवर काळे ठिपके असलेला, वाटाण्याच्या अर्ध्या डाळीएवढा तो गोजिरवाणा किडा मुले तळहातावर खेळवतात. तो पुष्कळदा पानभुंगेरा समजून मारला जातो. त्याच्या पंजात वरून पाहता तीनच पेरे दिसतात. हे एक पेर फार महत्त्वाचे आहे. कारण ढालकिड्यांपैकी बहुतेक मावा खाऊन जगतात. त्यांच्या अळ्यासुद्धा मावा फस्त करतात. जो आपल्या पिकाची राखण फुकटात करतो त्यालाच आपण विष घालतो. मात्र इथेही एक फितूर आहे. वांग्याच्या पानाची जाळी करणारा ठिपकेदार भुंगेरा ढालकिड्यांच्याच कुळातला, पण तो पाला खातो. तेव्हा कुळावरून अंदाज करावा, पण शेवटचा निवाडा जात पाहून करावा, हा नियम माणसांना लागू नसला तरी किड्यांना लागू आहे.

हे वर्गीकरण कोणी आणि कसे उभे केले ते थोडक्यात सांगतो. स्वीडनचा लिनीअस याने १७५८ साली आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत प्राण्यांना दोन शब्दांची नावे देण्याची पद्धत लावून दिली आणि त्यात क्रायसोमेला ही प्रजाती घातली. पुढे १८०२ साली फ्रान्सच्या लात्रेय याने त्या नावावरून सबंध कूळ मांडले. या लात्रेयची एक हकीगत प्रसिद्ध आहे. तो पाद्री होता. राज्यक्रांतीच्या धामधुमीत सरकारशी निष्ठेची शपथ घेतली नाही म्हणून त्याला बोर्दो शहरात तुरुंगात टाकले होते. कोठडीच्या फरशीवर त्याला एक लहानसा भुंगेरा दिसला. तो दुर्मिळ आहे हे त्याने ओळखले. कैद्यांना तपासायला आलेल्या डॉक्टराच्या हाती तो किडा बाहेर गेला, एका तरुण निसर्गाभ्यासकाच्या हाती पडला, आणि त्याच्या खटपटीने लात्रेय सुटला. मागे राहिलेल्या सोबत्यांचे प्राण गेले. किडा ओळखता आल्यामुळे मजुरी वाचल्याचे मी सांगितले; इथे तर जीव वाचला.

त्यानंतर १८७४-७५ च्या सुमारास बेल्जियमच्या शापुई याने पानभुंगेऱ्यांचे चार मोठे गट पाडले. एकात जाड, भक्कम पायांचे, दुसऱ्यात अंग वाकवून बसणारे, तिसऱ्यात गोलाकार, चौथ्यात तोंड खाली दडवलेले. केवळ बाहेरचे रूप पाहून केलेली ही वाटणी होती, तरी पुढची पन्नास-साठ वर्षे अभ्यासकांनी तिच्याच आधाराने काम केले.

भारतातल्या पानभुंगेऱ्यांवरचा पहिला मोठा ग्रंथ १९०८ साली प्रसिद्ध झाला. तो लिहिणारा मार्टिन जॅकोबी हा जन्माने जर्मन, आणि पोटासाठी काय करीत होता म्हणाल, तर इंग्लंडात वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवीत होता! रात्री वादन आणि दिवसा भुंगेरे. ग्रंथ छापून आला तेव्हा तो हयात नव्हता. त्याचे अपुरे काम पुढे नेले ते समरेंद्र मौलिक या आपल्याच देशातल्या बंगाली विद्वानाने. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये बसून त्यांनी १९१९, १९२६ आणि १९३६ साली तीन जाडजूड खंड लिहिले. आजही भारतातला पानभुंगेरा ओळखायचा तर या खंडांवाचून पाऊल पुढे पडत नाही. मौलिकांनी आणखी एक शोध लावला. उड्या मारणाऱ्या पानभुंगेऱ्यांच्या मागच्या मांडीत कमानीसारखी वळलेली एक टणक पट्टी असते, आणि ताणून सोडलेल्या स्प्रिंगप्रमाणे ती किड्याला उडवते. १९२९ साली त्यांनी तिच्याविषयी लिहिले, आणि त्या अवयवाला पुढे मौलिकांचेच नाव मिळाले. शिकलेला असो वा स्वतः शिकणारा असो, ज्याने नीट पाहिले त्याचे नाव राहिले.

आज या कुळाची साधारण बारा उपकुळे मानतात. सगळी सांगत बसलो तर ही सभा रात्रभर चालेल. आपल्या शेताबांधावर भेटणारी तेवढी सांगतो.

काकडी, भोपळा, दोडका यांचे वेल दोन पानांवर असतानाच पाने खाऊन भोके पाडणारा नारिंगी-तांबडा भुंगेरा आपण पाहतो. तो ऑलॅकोफोरा. वर तो पाने खातो आणि मातीत त्याच्या अळ्या मुळे खातात. म्हणून नुसते वरचे किडे वेचून काम पुरे होत नाही.

भंडारा-गोंदियाकडच्या किंवा कोकणातल्या भातशेतकऱ्यांना काळा काटेरी भुंगेरा माहीत आहे. त्याच्या सबंध अंगावर साळिंदरासारखे काटे असतात. तो पानावरचा हिरवा गर खरवडतो आणि पांढऱ्या रेघा उठतात; अळी तर पानाच्या दोन पापुद्र्यांच्या मध्ये राहून खाते. याच उपकुळात आता कासव-भुंगेरेही धरतात. नाल्याकाठी बेशरमाच्या झुडपांवर पाहा: पारदर्शक कडेची, काळ्या ठिपक्यांची, कासवाच्या पाठीसारखी ढाल अंगावर घेऊन बसलेला एक किडा दिसेल. पाय, डोके, सारे ढालीखाली. एक काट्यांनी भरलेला, दुसरा गुळगुळीत. तरी दोघांचे घराणे एक. शापुईचा तोंड दडवणारा गट तो हाच.

तिसरे एक उपकूळ अंग वाकवणाऱ्यांचे. त्यांची मादी अंड्याभोवती स्वतःच्या विष्ठेचे वेष्टण घालते, आणि अळी जन्मभर त्या डबीतच राहून डबी वाढवीत जाते. किळस करण्याचे कारण नाही. जिला दुसरा आसरा नाही तिने जे हाती आहे त्याचे घर केले.

आता नावांचा घोटाळा पाहा. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागांत छाटणीनंतर फुटणारे डोळे खाणारा एक तांबूस चमकदार भुंगेरा आहे. त्याला तिकडे उडद्या म्हणतात. इंग्रजीतही त्याचे नाव पिसूसारखा उडणारा भुंगेरा असेच पडले आहे. पण मौलिकांची ती स्प्रिंग ज्यांच्या मांडीत असते त्या खऱ्या उड्या मारणाऱ्यांत तो मोडत नाही. त्याचे उपकूळ वेगळे आहे. लोकांनी ठेवलेले नाव चुकीचे नव्हे, ते कामापुरते खरे असते. पण दोन गावचे दोन शेतकरी किंवा दोन देशांचे दोन शास्त्रज्ञ बोलू लागले की सर्वांना मान्य असे एक नाव लागते. म्हणून ती अवघड लॅटिन नावे.

काही श्रोत्यांनी मला एक रास्त प्रश्न विचारला. एकदा वर्गीकरण झाले म्हणजे झाले. मग शास्त्रज्ञ ते वारंवार का बदलतात? कडधान्याच्या भुंग्यांना पूर्वी वेगळे कूळ होते, ते मोडून पानभुंगेऱ्यांत का घातले? उड्या मारणाऱ्यांचे स्वतंत्र उपकूळ होते, ते दुसऱ्यात का मिळविले? याचे उत्तर असे की, वर्गीकरणाचा उद्देश बदलला. आरंभी ते दिसण्यावर होते. डार्विननंतर, म्हणजे १८५९ नंतर, हळूहळू हे मान्य झाले की खरे वर्गीकरण म्हणजे वंशावळ. दिसणे फसवे असते. एकाच धंद्यामुळे परक्यांचे रूप सारखे होते आणि वेगळ्या धंद्यांमुळे भावंडांचे रूप बदलते. बी खाण्याच्या धंद्यामुळे कडधान्याच्या भुंग्याचे अंग आखूड आणि जाड झाले, पण त्याच्या अळ्यांची आणि अंगातल्या भागांची ठेवण पानभुंगेऱ्यांशी जुळली. अलीकडे पेशींतल्या आनुवंशिक द्रव्याची तुलना झाली, तिनेही तोच कौल दिला. उलट मांडीतली स्प्रिंग एकाच पूर्वजाकडून सर्वांना मिळाली नसून वेगवेगळ्या शाखांत ती स्वतंत्रपणे उपजली असावी, असे दिसू लागले. केवळ स्प्रिंग आहे म्हणून उपकूळ करणे हे, आमच्या भाषेत सांगायचे तर, खाकी सदरा घालणाऱ्या सर्वांना एका खात्याचे कामगार समजण्यासारखे आहे. पुरावा आला की हजेरीपट दुरुस्त करावा लागतो. जो दुरुस्त करीत नाही त्याच्या पटावर मेलेल्यांचीही हजेरी लागते.

आता या पोहरादेवीच्या मातीतला विषय. सेवालाल महाराजांच्या समाधीच्या दर्शनाला रामनवमीला येथे माणसांचा समुद्र लोटतो. बंजारा समाजाचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर फिरत; त्या धान्याबरोबर आमचा तुरीतला भुंगाही किती मुलखांत फिरला असेल, असा विचार येथे आल्यावर माझ्या मनात येतो. पण मला सांगायचे आहे ते दुसऱ्या किड्याविषयी. रामनवमीला तो तुम्हांला दिसणार नाही. त्या वेळी तो तुमच्या पायाखाली, जमिनीत झोपलेला असतो. मृगाचा पाऊस झाला, गाजर गवत तरारले, की तो वर येतो.

मागे एका श्रावणात मी येथे आलो होतो. रस्त्याच्या कडेला कमरेइतके गाजर गवत माजलेले, आणि एका टापूत त्याची पाने खाऊन नुसत्या काड्या उरलेल्या. त्या काड्यांवर पांढुरक्या पाठीवर गडद उभ्या वेलांट्यांचे, अर्ध्या तुरीच्या दाण्याएवढे भुंगेरे बसले होते. तांड्यावरच्या एक वृद्ध बाई निंदणीहून परतत होत्या. सारे त्यांना याडी म्हणत. त्यांनी थांबून विचारले, "भाऊ, हे किडे कायचे हायत? आता हे आमच्या पऱ्हाटीवर जातीन काय? पोरगा फवारा घेऊन निंगाला हाय." मी म्हणालो, "याडी, पोराला थांबवा. हा आपला गडी आहे."

हा गडी परदेशचा. नाव झायगोग्रॅमा बायकलरॅटा. पॅलिस्टर नावाच्या अभ्यासकाने १९५३ साली त्याचे वर्णन केले. देश मेक्सिको. गाजर गवतही अमेरिका खंडातलेच. आपल्याकडे ते पुण्यात १९५५ साली आढळले आणि पुढच्या वर्षी त्याची नोंद छापून आली. अमेरिकेच्या गव्हाबरोबर आले असे लोक म्हणतात आणि त्याला काँग्रेस गवतही म्हणतात. ते कसेही आलेले असो, येथे त्याला खाणारे कोणी नव्हते. गुरे तोंड लावीत नाहीत. निंदणाऱ्या बायांच्या हातांना आणि मानेला खाज सुटते, कातडी जाड होऊन फुटते. पुष्कळांना दमा जडतो. मजुरीच्या प्रश्नाइतकाच हा आरोग्याचा प्रश्न मला वाटतो, कारण गवत उपटायला जी माणसे वाकतात त्यांच्या हातांत मोजे नसतात.

तेव्हा शास्त्रज्ञांनी विचार केला की, गवताच्या मूळ देशात त्याचा जो वैरी आहे तो आणावा. १९८३ साली हा भुंगेरा मेक्सिकोहून बंगलोरला आणला, आणि तो आपली पिके खातो की काय याच्या चाचण्या करून १९८४ साली मोकळा सोडला. चाचण्यांत वर्गीकरणाचा केवढा उपयोग होतो पाहा. जगातल्या सर्व झाडांवर किडा सोडून पाहणे शक्य नाही. म्हणून ज्या झाडावर तो जगतो त्याचे सगेसोयरे प्रथम तपासतात. कारण किड्याला जी चव ओळखीची आहे ती सोयऱ्यांतच सापडण्याचा संभव. म्हणजे किड्याची वंशावळ आणि झाडाची वंशावळ अशा दोन वंशावळी जुळवून पाहाव्या लागतात. किड्याच्या बाजूनेही सावधपण लागले असेल, कारण झायगोग्रॅमाचा एक जवळचा नातलग म्हणजे अमेरिका आणि युरोपातल्या बटाट्याच्या शेतांचा कर्दनकाळ ठरलेला कोलोरॅडो भुंगेरा. एक भाऊ पीक खाणारा, दुसरा तण खाणारा.

आणि पुढे शंका खरी होते की काय असे झालेच. कर्नाटकात काही ठिकाणी हा भुंगेरा सूर्यफुलाची पाने कुरतडताना दिसला. गाजर गवत आणि सूर्यफूल एकाच कुळातले. झेंडू, शेवंती, करडई हीही त्याच कुळातली. वर्तमानपत्रांत गदारोळ झाला आणि १९९१ साली सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. शेतकऱ्यांची भीती खोटी नव्हती. ज्याच्या घरात पाहुणा आणून ठेवला त्याला प्रश्न विचारण्याचा हक्क आहे. मग प्रयोग झाले. त्यांत असे दिसले की, शेजारच्या गाजर गवताचे परागकण वाऱ्याने उडून सूर्यफुलाच्या पानांवर पडतात, आणि त्या वासाने फसून भुंगेरा तेथे चावा घेतो. सूर्यफुलावर त्याचा वंश नीट चालत नाही. म्हणजे बांधावरचे गवत काढले की सूर्यफुलाची काळजी मिटते. कपाशी, सोयाबीन, तूर ही तर वेगळ्याच कुळांतली. याडींच्या पऱ्हाटीला या भुंगेऱ्याचे भय नव्हते.

या किड्याची थोरवी गाताना मी अतिशयोक्ती करणार नाही. तो पावसाळ्यातच काम करतो, म्हणजे चार-पाच महिने. पाऊस लांबला तर तो उशिरा जागा होतो आणि तोवर गवताला फुले येऊन बी पडलेले असते. एक झाड हजारो बिया टाकते. तेव्हा फुले येण्याआधी, हातांत काहीतरी घालून, गवत मुळासकट उपटणे हे काम आपल्यालाच करावे लागेल. पण जेथे हा भुंगेरा बसला आहे तो टापू सोडून द्यावा. त्याची पिवळसर अंडी पानाखाली असतात, अळ्या पाने फस्त करून मातीत उतरतात आणि तेथे कोष करतात. महिन्याभरात नवी पिढी वर येते. वाटल्यास डब्यात पाने घालून शे-दोनशे भुंगेरे नेऊन दुसऱ्या गावच्या गवतावर सोडावेत. यापेक्षा स्वस्त मजूर मिळणार नाही, आणि हा मजूर संपही करणार नाही. त्यामुळे माझी संघटना त्याची वर्गणी घेत नाही.

शेवटी ज्यासाठी मी हे सारे बोललो ते सांगतो. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारा मारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यांत पडले. ती फवारणी पानभुंगेऱ्यांवर नव्हती, आणि त्या मरणांची कारणेही अनेक होती. परंतु त्या दिवसांत दवाखान्याच्या ओट्यावर बसलेल्या मजुरांशी मी बोललो तेव्हा एक गोष्ट मनात रुतली. पाठीवर पंप घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना आपण कोणता किडा मारतो आहोत हे ठाऊक नव्हते. दुकानदाराने बाटली दिली, मालकाने पंप दिला, त्यांनी मारला. किडा दिसला की विष, ही रीत पडली आहे. विषाची किंमत मालक देतो, पण विषाचा वास मजूर घेतो. ज्या दिवशी पंप पाठीवर घेणारा माणूस विचारील, "हा किडा कोण, हा खातो काय, हा मित्र की वैरी?" त्या दिवशी निदान काही फवारे वाचतील, आणि काही माणसेही.

हे विचारायला विद्यापीठात जावे लागत नाही. एक साधे भिंग पुरते. पाय मोजा, मिशा पाहा, तो काय खातो ते उभे राहून दोन घटका पाहा. ओळखता आले नाही तर काडेपेटीत घालून अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. माझ्या तुरीच्या पुडीला तेथे कोणी हसले नाही. तुमच्या काडेपेटीलाही हसणार नाहीत. व्हायोलिन वाजवणाऱ्या माणसाने भारतातले भुंगेरे लावले, तर ज्यांच्या शेतात ते राहतात त्यांना ते ओळखता येऊ नयेत, असे काही नाही. पाऊस पडू द्या, आणि गाजर गवताच्या पहिल्या ताटव्याजवळ थोडे थांबून पाहा.